विश्लेषण : शुल्क नाही, बंधपत्र नाही, मग क्युबात डॉक्टर होण्याची किंमत कशात मोजायची?

प्रवेश शुल्क नाही. वसतिगृह, जेवण, पाठ्यपुस्तके, गणवेश, अगदी अंगाचा साबणही सरकारकडून. वर महिन्याला थोडे पेसो हातखर्चाला. शिकून झाल्यावर पैसे परत मागणारे कुणी नाही आणि सक्तीच्या सेवेचे बंधपत्रही नाही. क्युबाने १९९९ पासून प्रामुख्याने गरीब देशांतील, गरीब घरांतील मुलामुलींसाठी चालवलेल्या या योजनेतून शंभराहून अधिक देशांचे ३० हजारांहून अधिक डॉक्टर बाहेर पडले आहेत. पण मोफत शिक्षणाची माहिती वाचणे वेगळे आणि त्या शिक्षणाची सहा-सात वर्षे एकेक दिवस करून काढणे वेगळे. ते दिवस कसे जातात, त्यांचा खर्च कोण उचलते आणि हाती आलेली पदवी मायदेशी चालते का, याविषयी...

योजना सुरू कशी झाली?

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये ‘जॉर्जेस’ आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मिच’ या दोन चक्रीवादळांनी कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका उद्ध्वस्त केली. एकट्या ‘मिच’ने होंडुरास आणि निकाराग्वात हजारो बळी घेतले. क्युबाने आपल्या डॉक्टरांची पथके होंडुरास, ग्वाटेमाला, निकाराग्वा आणि हैतीत पाठवली. तिथे गेल्यावर पथकांना दिसले ते असे, की वादळाने रुग्णालये पाडली हे खरे, पण ज्या खेड्यांत ते काम करत होते त्यांतील कित्येकांमध्ये वादळाआधीही डॉक्टर नव्हताच. पथक परत गेले की पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. म्हणून त्याच खेड्यांतल्या मुलांना डॉक्टर करून परत पाठवायचे, अशी कल्पना फिडेल कॅस्ट्रो यांनी मांडली.

त्यासाठी नवी इमारत बांधली नाही. हवानाच्या पश्चिम टोकाला, अगदी समुद्रालगत, नौदलाची प्रशिक्षण संस्था होती. ती रिकामी करून तिथे ‘लॅटिन अमेरिकन स्कूल ऑफ मेडिसिन’ सुरू झाले. स्पॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘एलाम’ म्हणतात. पहिले विद्यार्थी १९९९ च्या सुरुवातीला आले, औपचारिक उद्घाटन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या टंचाईतून क्युबा तेव्हा जेमतेम सावरत होता. स्वतःच्या नागरिकांना रेशनवर जगवणाऱ्या देशाने हजारो परक्या मुलांच्या जेवणाची जबाबदारी घेणे हे औदार्य होते, तसेच मित्र जोडण्याचे राजकारणही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पुढे आफ्रिका, आशिया आणि खुद्द अमेरिकेतूनही विद्यार्थी आले. मिसिसिपीसारख्या राज्यांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत डॉक्टर नाहीत, हे अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांकडून ऐकल्यावर कॅस्ट्रो यांनी २००० मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांसाठीही शिष्यवृत्त्या देऊ केल्या. आपल्या उपखंडाशीही या योजनेचा धागा आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या भागात भूकंप झाला, तेव्हा क्युबाने सुमारे अडीच हजार आरोग्य कर्मचारी ऐन हिवाळ्यात तंबूतल्या रुग्णालयांत पाठवले आणि परतताना पाकिस्तानी विद्यार्थ्यांसाठी एक हजार शिष्यवृत्त्या जाहीर केल्या.

पैसे कोण देते आणि विद्यार्थ्याच्या हाती काय पडते?

‘प्रायोजित’ या एका शब्दात निरनिराळ्या व्यवस्था लपलेल्या आहेत. एलामच्या मूळ योजनेत सगळा खर्च क्युबाचा. त्यातल्या विद्यार्थ्याला अनेक वर्षे महिन्याला १०० क्युबन पेसो मिळत. त्या काळच्या दराने ते सुमारे चार डॉलर होतात. एवढ्यात रस्त्यावरच्या खिडकीतला कपभर कडक गोड कॉफी, कागदात गुंडाळलेला पिझ्झा, आइस्क्रीम, बसचे भाडे भागे. घरी फोन करणे भागत नसे.

दुसरी व्यवस्था सरकारांमधल्या कराराची. दक्षिण आफ्रिकेने १९९६ मध्ये क्युबाशी करार केला आणि पुढे त्याला नेल्सन मंडेला व फिडेल कॅस्ट्रो या दोघांचे नाव मिळाले. यात ग्रामीण, वंचित भागांतील विद्यार्थी निवडले जातात, त्यांचा खर्च दक्षिण आफ्रिकेचे सरकार उचलते आणि परतल्यावर त्यांनी सरकारी सेवा करायची असते. म्हणजे एकाच देशात, एकच अभ्यासक्रम शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाच्या खिशात चार डॉलर आणि दुसऱ्याच्या खिशात त्याच्या कितीतरी पट. तरीही २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकी विद्यार्थ्यांनीच विद्यावेतन आणि जेवण यांवरून आंदोलन केले. मायदेशी त्यावर बरीच टीका झाली. फुकट शिकता आणि वर तक्रारी करता, असा तिचा सूर होता. पण स्वस्त सरकारी जेवण मिळेनासे झाले की खासगी बाजारात तेच पैसे किती लवकर संपतात, हे घरी बसून टीका करणाऱ्याला कळत नाही.

खरी परवड झाली ती काँगो प्रजासत्ताकाच्या विद्यार्थ्यांची. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या त्यांच्या सरकारने शेकडो मुलांना क्युबात पाठवले. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि विद्यावेतन थकू लागले. एप्रिल २०१९ मध्ये या विद्यार्थ्यांनी हवानातील आपल्या दूतावासावर धडक मारली, तेव्हा थकबाकी दोन वर्षांहून अधिक काळाची होती. क्युबात अशी निदर्शने सहसा होत नाहीत. पोलीस आले, प्रकरण जगभर गाजले. वसतिगृहातली खाट आणि ताट क्युबाकडून चालूच होते, पण औषध, चप्पल, फोन, घरी जाण्याचे तिकीट यांसाठी दोन वर्षे हातात काही नाही, अशा अवस्थेत शरीररचनाशास्त्र पाठ करायचे होते. प्रायोजित विद्यार्थ्याचे आयुष्य कुठल्या धाग्याला लटकलेले असते, ते या प्रकरणात उघड झाले. परीक्षेत तो नापास होत नाही. त्याचा प्रायोजक नापास होतो.

सुरुवात कशाने होते?

भाषेने. शिक्षण पूर्णपणे स्पॅनिशमध्ये आहे. होंडुरासच्या मुलीला ती अडचण नाही, पण पाकिस्तान, झिम्बाब्वे, हैती किंवा डेट्रॉइटहून आलेल्याला आधी काही महिने फक्त स्पॅनिश शिकावी लागते. त्यानंतर रसायन, भौतिक, जीवशास्त्र, गणित यांचा पूर्वतयारी वर्ग असतो. डोंगराळ खेड्यातल्या शाळेतून आलेल्यांना या विषयांत इतरांच्या बरोबरीला आणणे हा त्याचा हेतू. म्हणून सहा वर्षांचा अभ्यासक्रम अनेकांना प्रत्यक्षात पावणेसात-सात वर्षांचा पडतो.

वर्गातली स्पॅनिश आणि रस्त्यावरची क्युबन स्पॅनिश यांत मोठे अंतर आहे. क्युबन माणूस शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतो आणि वेगाने बोलतो. प्राध्यापकांचे व्याख्यान समजू लागते, पण वॉर्डातल्या आजीबाई पोटात ‘कसे’ दुखते ते सांगतात ते कळत नाही. डॉक्टरला नेमके तेच कळावे लागते. बऱ्याच जणांच्या अनुभवात भाषा खरी येते ती वर्गात नव्हे, तर रांगेत. क्युबात रांगेला क्रमांक नसतो; येणारा ‘शेवटचे कोण?’ असे विचारतो, हात वर करणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. परदेशी विद्यार्थ्याने शिकलेल्या पहिल्या चार-दोन वाक्यांत हे एक हमखास असते.

पहिल्या दोन वर्षांतला दिवस कसा जातो?

नौदलाची जागा असल्याने आवाराची मांडणी बराकीसारखी आहे. एका दालनात अनेक जण, दुमजली लोखंडी खाटा, मच्छरदाणी, कुलूप लावता येईल असे एक कपाट. एका खोलीत बोलिव्हियाचा आयमारा मुलगा, नायजेरियाचा, पॅलेस्टाइनचा आणि ब्राझीलच्या भूमिहीनांच्या चळवळीतून आलेला, असे चौघे असू शकतात. खासगीपण नावाची गोष्ट नाही. अभ्यास करायचा तर दिव्याखाली, आणि दिवा कुणी कधी मालवायचा यावरून वाद हे रोजचेच.

सकाळ लवकर होते, कारण पाणी. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, कधी येतच नाही. बादली भरून ठेवणे ही वसतिगृहात शिकण्याची पहिली गोष्ट. मराठवाड्यातल्या किंवा मुंबईच्या चाळीतल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. न्याहारीला पाव आणि दूध किंवा गोड पेय, मग पांढरा कोट घालून वर्ग. शरीररचना, शरीरक्रिया, ऊतिशास्त्र, गर्भविज्ञान हे विषय वेगवेगळे न ठेवता अवयवसंस्थांनुसार एकत्र शिकवण्याची पद्धत तिथे रुळली आहे. मोठे व्याख्यान, मग लहान गटात प्रश्नोत्तरे, मग प्रात्यक्षिक. लहान गटात लपता येत नाही; प्राध्यापक नाव घेऊन विचारतात आणि तिथल्या तिथे गुण देतात. गुण दोन ते पाच. दोन म्हणजे नापास.

पुस्तके मोफत मिळतात, पण ती वापरून झाल्यावर परत करायची असतात, त्यामुळे पानापानावर आधीच्या तीन-चार बॅचच्या पेन्सिलच्या खुणा. इंटरनेट ही बराच काळ चैन होती. संगणक कक्षात ठरावीक वेळ, संथ जोडणी, तीही मुख्यतः आरोग्य खात्याच्या जाळ्यापुरती. २०१५ मध्ये चौकांत आणि बागांत पैसे भरून वायफाय मिळू लागले. तेव्हा तासाचा दर दोन डॉलर होता. शंभर पेसोवाल्या विद्यार्थ्याचा अर्धा महिना एका तासात संपे. संध्याकाळी बागेच्या कठड्यावर ओळीने बसून मोबाइलच्या उजेडात आईशी बोलणारी मुले हे हवानातले नेहमीचे दृश्य बनले. मोबाइलवरचे इंटरनेट आले ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये. तोवर व्याख्याने, पुस्तके, चित्रपट हे सगळे पेनड्राइव्हवरून खोलीखोलीत फिरत असे.

दुपार-रात्रीचे जेवण म्हणजे भात आणि काळा घेवडा किंवा वाटाण्याचे पातळ कालवण, सोबत कधी अंडे, कधी कोंबडीचा तुकडा, कधी रताळे वा कंद. पोट भरते, जीभ कंटाळते. मिरचीचा तर पत्ताच नाही. क्युबन स्वयंपाक आपल्याला वाटतो तसा तिखट नसतो. डुकराचे मांस तिथे सणासुदीचे आणि आवडीचे, त्यामुळे मुस्लीम विद्यार्थ्याला कालवणात काय आहे ते विचारूनच ताट पुढे करावे लागते. घरून आलेल्या पाहुण्याकडून मसाल्याची पुडी मागवणे आणि ती खोलीभर वाटून खाणे हे कुठल्याही देशातल्या वसतिगृहासारखेच.

दर सहामाहीला सांस्कृतिक कार्यक्रम, देशोदेशीच्या नाचांचे दिवस, खेळांचे सामने. यात उत्साह असतो, तशी हजेरीची अपेक्षाही. क्रांतीच्या वर्षगाठी, मोर्चे, भाषणे यांतून विद्यार्थी सुटत नाहीत. सगळेच मनापासून टाळ्या वाजवतात असे समजणे भाबडेपणाचे, आणि सगळेच ढोंग करतात असे समजणेही.

रुग्ण कधी दिसतो?

लवकर. इथेच क्युबाचे वैद्यकीय शिक्षण इतरांहून वेगळे पडते. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला आठवड्यातला काही वेळ वस्तीतल्या दवाखान्यात घालवावा लागतो. १९८४ मध्ये क्युबाने ‘कुटुंब डॉक्टर आणि परिचारिका’ योजना सुरू केली. एका डॉक्टरकडे सुमारे १२० ते १५० कुटुंबे, खाली दवाखाना आणि बहुधा वरच डॉक्टरचे घर, अशी मूळ कल्पना. आज बरेच डॉक्टर परदेशी मोहिमांवर आणि बरेच देश सोडून गेल्याने एकेका दवाखान्यावरचा भार पुष्कळ वाढला आहे, पण रचना तीच आहे. डॉक्टर आपल्या भागातल्या प्रत्येक माणसाची नोंद चार गटांत ठेवतो : निरोगी दिसणारे, धोका असलेले, आजारी, आणि अपंगत्व किंवा कायमचे व्यंग राहिलेले. निरोगी माणसाचीही नोंद आणि भेट असते, हे पाहून परदेशी विद्यार्थी सुरुवातीला चक्रावतात.

सकाळी दवाखाना आणि दुपारी घरभेटी. साखर वाढलेल्या आजोबांनी खरेच गोळ्या घेतल्या का, गरोदर बाईच्या घरात पाणी कुठे साठवतात, तान्ह्या बाळाची खाट ओलसर भिंतीला लागून आहे का, हे पाहायचे आणि लिहायचे. डेंग्यूच्या हंगामात तर वर्ग थांबवून विद्यार्थ्यांना दारोदार पाठवतात. घरात कुणाला ताप आहे का, टाकीत अळ्या आहेत का, हे विचारत एकेक गल्ली संपवायची. आपल्याकडे हे काम आशा सेविका आणि पालिकेचे कर्मचारी करतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने ते महिनाभर करावे असे कुणी सुचवले तर पालकच आंदोलन करतील. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा क्युबात हजारो वैद्यकीय विद्यार्थी याच पद्धतीने रोज सकाळी घरोघरी जाऊन ताप-खोकल्याची चौकशी करत होते. सवय जुनीच होती.

दोन वर्षांनंतर समुद्राकाठचे आवार सुटते. पुढची चार वर्षे विद्यार्थ्यांना निरनिराळ्या प्रांतांत, क्युबन विद्यार्थ्यांच्याच वर्गांत पाठवले जाते. रुग्णालयातला दिवस रात्रपाळीच्या अहवालाने सुरू होतो. रात्री कोण दाखल झाले, कोण दगावले, का दगावले, हे सर्वांसमोर मांडले जाते. मग वॉर्डातली फेरी. विद्यार्थ्याने त्याआधी पहाटे येऊन आपल्या रुग्णांची तपासणी करून नोंद लिहिलेली असावी लागते. आठवड्यातून एखादी रात्रपाळी ठरलेली.

या वर्षांत विद्यार्थी जे शिकतात त्यामागे टंचाईचा हात मोठा आहे. अमेरिकी निर्बंध आणि सरकारी तिजोरीचा खडखडाट यांमुळे यंत्रे बंद असतात, तपासणीची रसायने संपलेली असतात, हातमोजेसुद्धा जपून वापरायचे. सीटी स्कॅन सहज मिळत नाही, म्हणून आधी बोलायचे, पाहायचे, चाचपायचे, ठोकून ऐकायचे आणि मगच निदानाचा अंदाज मांडायचा. त्याला तिथे ‘क्लिनिकल पद्धत’ म्हणून मोठा मान आहे. या शिस्तीचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. ज्याने आधुनिक उपकरणे पुरेशी हाताळलीच नाहीत, त्याला पुढे ती असलेल्या रुग्णालयात नव्याने शिकावे लागते. पण ज्या खेड्यात परत जायचे तिथे तीही नाहीत, असा युक्तिवाद क्युबन प्राध्यापक करतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही.

आता परिस्थिती किती बिघडली आहे?

बरीच. जानेवारी २०२१ मध्ये क्युबाने दोन चलने एकत्र केली आणि त्यानंतर महागाई भडकली. अधिकृत दर २४ पेसोला एक डॉलर असताना २०२४ मध्ये खुल्या बाजारात एका डॉलरला ३०० हून अधिक पेसो मोजावे लागत होते. पेसोत मिळणाऱ्या कुठल्याही विद्यावेतनाला त्यामुळे अर्थ उरला नाही. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी मुख्य औष्णिक वीज केंद्र बंद पडले आणि संपूर्ण देश अंधारात गेला. त्यानंतरच्या काही महिन्यांत असे पुन्हा घडले. वीज नाही म्हणजे पाण्याचा पंप नाही, खानावळ लाकडावर किंवा गॅसवर, पंखा नाही आणि मच्छर मोकाट. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी चार्ज केलेले दिवे वाटून घेतात. बसगाड्यांना इंधन नसल्याने प्रांतातून हवानाला येणे हा दिवसभराचा उद्योग होतो.

क्युबन माणसाच्या तोंडी यासाठी एक क्रियापद आहे, ‘रेसोल्व्हेर’. शब्दशः अर्थ सोडवणे. व्यवहारात अर्थ कुठून तरी, कसेतरी जमवणे. आपला ‘जुगाड’ त्याच्या जवळ जातो. सात वर्षांत परदेशी विद्यार्थीही त्यात तरबेज होतात. मात्र दवाखान्यात औषधच नसेल तेव्हा काय जमवायचे, याला उत्तर नसते. रुग्णाला नातेवाइकांकडून परदेशातून गोळ्या मागवायला सांगणारा डॉक्टर पाहणे, हे आजच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग झाले आहे. दरम्यान, गेल्या काही वर्षांत क्युबाने पैसे भरून शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढवले आहे. पूर्ण फुकट जागा पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत.

बंधपत्र नसताना हे डॉक्टर खेड्यात जातात का?

महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा बंधनकारक आहे, नाहीतर दहा लाख रुपये दंड. तरीही बंधपत्र न पाळणाऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो. एलामच्या मूळ योजनेत दंड नाही, फक्त शब्द आहे : गरजूंच्या वस्तीत काम करीन. दंडाऐवजी निवडीवर भर आहे. जो मुळात डॉक्टर नसलेल्या गावातून आला, तो परत जाण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा हिशेब.

तो काही ठिकाणी बरोबर ठरला. होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावर गारिफुना या आफ्रिकी-कॅरिबियन समाजाच्या वस्त्या आहेत. तिथल्या सिरिबोया गावात एलामच्या पहिल्या तुकडीतून २००५ मध्ये पदवीधर झालेल्या लुथर कॅस्टिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांच्या श्रमातून रुग्णालय उभारले. तिथे मोफत उपचार होतात. हेच कॅस्टिलो २०२२ मध्ये होंडुरासचे विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा क्युबात शिकलेले हैतियन डॉक्टर आणि विद्यार्थी मदतकार्यात पुढे होते. ढिगाऱ्याखालच्या माणसाशी क्रिओल भाषेत बोलू शकणारे डॉक्टर तेच.

पण प्रत्येक पदवीधर सिरिबोयाला पोहोचत नाही. कुणाला सरकारी जागाच मिळत नाही, कारण गरीब देशांच्या आरोग्य खात्यांकडे डॉक्टर नेमायला पैसे नसतात. कुणी शहरात, कुणी तिसऱ्या देशात स्थिरावतो. खेड्यात डॉक्टर नाही याचे कारण डॉक्टर शिकले नाहीत एवढेच नसते, हे शिष्यवृत्तीला सोडवता येत नाही.

पदवी मायदेशी चालते का?

सहा-सात वर्षे काढल्यावरचा सर्वांत जड प्रश्न हाच. ब्राझीलमध्ये ‘रेव्हालिदा’ आणि चिलीमध्ये ‘युनाकॉम’ या परीक्षा परदेशी पदवीधरांची वाट अडवून बसलेल्या असतात. स्थानिक डॉक्टरांच्या संघटनांनी अनेक देशांत या पदवीधरांकडे संशयाने पाहिले. त्यात दर्जाची काळजी किती आणि स्पर्धकांची भीती किती, हे वेगळे काढणे कठीण. अमेरिकी विद्यार्थ्यांना तिथल्या परवाना परीक्षा इंग्रजीत द्याव्या लागतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये शिकलेले सगळे पुन्हा इंग्रजीत पाठ करणे आले. २००४ मध्ये बुश सरकारने क्युबाप्रवासाचे नियम कडक केले, तेव्हा तर या विद्यार्थ्यांवर शिक्षण अर्धवट सोडण्याची वेळ आली होती. खटपटी करून त्यांच्यासाठी अपवाद मिळवावा लागला.

दक्षिण आफ्रिकेने यावर वेगळी तोड काढली. तिथले विद्यार्थी पदवीआधीच परततात आणि शेवटची सुमारे दीड वर्षे मायदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतात. कारण साधे आहे. क्युबात एचआयव्हीचे आणि क्षयाचे रुग्ण फार कमी. दक्षिण आफ्रिकेच्या वॉर्डात तेच जास्त, शिवाय चाकू-गोळीच्या जखमा आणि अडलेल्या बाळंतिणी. घरभेटीत तयार झालेला विद्यार्थी पहिले काही आठवडे तिथे बावरतो. त्याला शब्द स्पॅनिशमध्ये आठवतात, सोबतचे विद्यार्थी त्याला ‘क्युबावाला’ म्हणून वेगळे ठेवतात. २०१८ मध्ये शेकडो विद्यार्थी एकदम परतले, तेव्हा त्यांना सामावून घेताना महाविद्यालयांची दमछाक झाली. मायदेशातच जागा वाढवल्या असत्या तर हाच पैसा अधिक कामी आला असता, असे म्हणणारे तिथे बरेच आहेत.

भारतीय विद्यार्थ्यांना हा मार्ग खुला आहे का?

परदेशात वैद्यकीय शिक्षण म्हटले की महाराष्ट्रातील पालकांच्या डोळ्यांसमोर किर्गिझस्तान, फिलिपिन्स, रशिया, जॉर्जिया येतात. एजंट, हप्ते आणि शेतजमिनीवरचे कर्ज येते. क्युबा त्या यादीत नाही आणि येण्याची शक्यताही कमी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवी भारतात ग्राह्य धरायची तर ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून हवा, त्याच देशात बारा महिन्यांची आंतरवासिता हवी आणि त्यानंतर इथली परवाना परीक्षाही उत्तीर्ण व्हायला हवी. क्युबातले शिक्षण स्पॅनिशमध्ये. म्हणजे एखाद्या गडचिरोलीच्या मुलीला उद्या तिथे पूर्ण फुकट जागा मिळाली, तिने बादल्या भरत, डेंग्यूच्या अळ्या शोधत, अंधारात अभ्यास करत सात वर्षे काढली, तरी त्या पदवीवर तिला भामरागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण तपासता येणार नाही.